प्रार्थनेला हात का जोडत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पालकसभेत, शिक्षकांच्या केंद्र-बैठकीत, अगदी लग्नाच्या पंगतीतही हे विचारून झालंय. मॅडम, राष्ट्रगीताला ताठ उभ्या राहता, प्रतिज्ञेला हात पुढे करता, मग परिपाठातल्या प्रार्थनेलाच हात का जोडत नाही? आणि त्याला जोडूनच, देशाबद्दल मनात काही आहे का?

हा दुसरा प्रश्न मला झोंबतो. देव आणि देश यांची ही गाठ कोणी मारली? प्रतिज्ञेने तर नाही. पैडिमरी वेंकट सुब्बा राव यांनी १९६२ मध्ये ती तेलुगूत लिहिली. तिच्यात देशबांधव आहेत, पालक, गुरुजन, वडीलधारी माणसं आहेत. देव नाही. तिथली निष्ठा माणसांशी आहे, आणि ती म्हणताना माझा आवाज कधी खाली गेलेला नाही.

पाचवीत एक मुलगी दुसऱ्या गावचा दाखला घेऊन आली होती. प्रार्थना सुरू झाली की ती हात बाजूला सरळ ठेवून, डोळे उघडे ठेवून उभी राहायची. कुजबुज नाही, चुळबुळ नाही. राष्ट्रगीताला मात्र खणखणीत आवाज, मागच्या रांगेतून पुढे ऐकू यायचा. एके दिवशी आमच्या एका सहकाऱ्यांनी तिला सगळ्या रांगांसमोर बोलावलं. "ज्या देशात राहतेस, त्याच्यासाठी दोन मिनिटं हात जोडायची लाज वाटते?" मी तिथेच म्हणाले, "सर, ती प्रार्थना आहे. राष्ट्रगीत ती म्हणते." ते म्हणाले, "एकच ते." मुलगी रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. सेंट्रिंगच्या कामावरून तसेच, नखांत सिमेंट. मला वाटलं, जाब विचारायला आलेत. ते मुख्याध्यापकांना म्हणाले, "लेकरू हाय साहेब, चुकलं तिचं. दाखल्यावर काही लिहू नका." मी म्हणाले, "दादा, तिचं काहीच चुकलेलं नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "मॅडम, तुमची नोकरी पक्की हाय."

त्या दिवसापासून ती हात जोडते. आणि राष्ट्रगीतातला तिचा आवाज मला पुन्हा ऐकू आला नाही. देशप्रेम शिकवायला निघालेल्या माणसाने नेमकं काय घालवलं, हे मला त्या सरांना अजून पटवून देता आलेलं नाही.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, सगळा पैसा सरकारी. अशा शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असं संविधानाचं अठ्ठाविसावं कलम म्हणतं. प्रार्थना म्हणजे शिक्षण नव्हे, संस्कार, असं मला ऐकवलं जातं. बरं. पण मग १९८६ चा निकाल बघा. केरळमधली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळे ते म्हणत नसत. शाळेने त्यांना काढलं, सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. खुद्द राष्ट्रगीताला गप्प उभं राहायची मुभा असेल, तर प्रार्थनेची सक्ती कशाच्या जोरावर? मंत्र्याला ईश्वरसाक्ष शपथ नको असेल तर तो देवाचं नाव न घेता गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो आणि त्याच्या देशभक्तीवर कोणी बोट ठेवत नाही. पाचवीतल्या पोरीला ही निवड नाही. आणि तीच पोर उद्देशिका वाचताना मोठ्याने म्हणते, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य.

पूर्वी मी म्हणायचे, सगळ्या धर्मांच्या प्रार्थना आळीपाळीने घ्या. आता तसं म्हणवत नाही. कुठल्याच धर्माचं नसलेलं मूल त्या आठवड्यात कुठे उभं राहणार? मग प्रार्थना बंदच करा म्हणावं, तर तिथेही जीभ अडते. पेटीवर चाल सुरू झाली की पहिलीतली पोरं डोलायला लागतात. काहींच्या दिवसातली तेवढीच पाच मिनिटं शांत असतात. ती मी कोणत्या तोंडाने काढून घेऊ?

तुम्ही म्हणाल, मग तुम्हीच जोडा की हात, एवढं काय त्यात. नाही जोडणार. माझी नोकरी पक्की आहे हे खरंच आहे, म्हणून तर रांगेतल्या मुलांना निदान एका मोठ्या माणसाचे हात मोकळे दिसू देत. त्या मुलीला याचा काय उपयोग झाला, असं विचारलंत तर काहीच नाही. ती अजून जोडते.