पुलाखालचं पाणी

लेक नोकरीला पुण्याला गेली आणि जाताना टीव्हीवर इंग्रजी मालिका लावायला शिकवून गेली. "बाबा, खाली अक्षरं येतात, ती वाचत ऐका." आमचं इंग्रजी पाचवीपासूनचं. व्याकरण पाठ, पण बोलायची वेळ आली की दातखीळ. तेव्हापासून रात्री जेवणं उरकली की मी, रिमोट आणि दुधाच्या हिशेबाची जुनी वही.

डावीकडे त्यांचं, उजवीकडे आपलं. 'पीस ऑफ केक' म्हणजे हातचा मळ, हे सोपं. 'पुलिंग माय लेग'ला मात्र फसलो. आपल्याकडे पाय ओढतात ते सोसायटीच्या निवडणुकीत. तिकडे ती नुसती चेष्टा! 'ब्रेक अ लेग' म्हणजे रंगमंचावर जाणाऱ्याला तिकडच्या शुभेच्छा. ते तर महागात पडलं. मेव्हणीचा मुलगा भावे नाट्यमंदिरात पहिल्यांदा उभा राहणार होता. मी विंगेत जाऊन मोठ्या ऐटीत तेवढं बोललो. "दाजी, पोराच्या तोंडावर काय हे अभद्र?" विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं ते याच सांगलीत. इथं प्रयोगाआधी नारळ फोडतात, पाय मोडत नाहीत. चूक माझीच.

परवा मालिकेतल्या दोन मैत्रिणींचं जुनं भांडण मिटलं. एक म्हणाली, "इट्स ऑल वॉटर अंडर द ब्रिज." मी खुशीत उजवीकडे लिहिलं, 'झालं गेलं गंगेला मिळालं.' इतकी चपखल जोडी वहीत दुसरी नाही. हिला वाचूनही दाखवलं.

ही लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "गंगेचं मला माहीत नाही. आमच्या कृष्णेला मिळालेलं घरात परत येतं."

खरंच, पुलाखालचं पाणी म्हणजे संपलेली गोष्ट, हे सांगलीकराला कसं पटावं? कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ऑगस्टात माणसं भेटली की "काय, कसं काय?" नंतर विचारतात, आधी "पाणी किती?"

वही चाळताना शेवटचं पान उघडलं. २०१९ चे आकडे, माझ्याच अक्षरात. दर तासाला एक, फूट आणि इंच. सुरुवातीचे रेघेवर आणि सुबक, पुढे पुढे तिरके. ५० वर पान थांबतं. त्यानंतर आम्ही बोटीत होतो.