घंटी कधी वाजवायची नाही

गेल्या डिसेंबरात गंगापूर रोडवरच्या आमच्या घरात, पायांवर रग घेऊन, मी तीन आठवडे एकाच प्रश्नाशी झटत होते: व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कने 'काम झालं' हे गेस्टला, म्हणजे त्या मशीनच्या आत चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला, कळवायचं कसं? ऐकायला हा अर्ध्या दिवसाचा प्रश्न वाटतो. मलाही तसंच वाटलं होतं, आणि टीमच्या मीटिंगमध्ये मी तसं बोलूनही बसले होते.

आमचं काम म्हणजे लिनक्सच्या केव्हीएमवर (कर्नलमधली व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) चालणारा स्वतःचा छोटा व्हर्च्युअल मशीन मॉनिटर, म्हणजे गेस्टला खोटी डिव्हाइस पुरवणारा प्रोग्राम, रस्ट या भाषेत. क्यूईएमयू या प्रसिद्ध मॉनिटरमध्ये ढीगभर डिव्हाइस आहेत, आम्हाला तीनच हवी होती: डिस्क, नेटवर्क आणि सिरीयल कन्सोल. पहिली दोन व्हर्टआयओ पद्धतीची, म्हणजे खऱ्या हार्डवेअरची नक्कल न करता खास व्हर्च्युअल मशीनसाठी आखलेली. रस्टी रसेल यांनी २००८ साली पेपरमध्ये मांडलेली ही कल्पना टिकली, कारण ती साधी आहे. गेस्ट आणि होस्ट (बाहेरचं खरं मशीन) यांच्यात मेमरीचा सामायिक तुकडा असतो आणि त्यात रिंगा, म्हणजे गोल फिरणाऱ्या रांगा. गेस्ट 'अव्हेलेबल' रिंगेत मागणी टाकतो आणि आपल्याला टोचतो. आपण काम उरकतो, 'यूज्ड' रिंगेत नोंद करतो आणि गेस्टला इंटरप्ट देतो, म्हणजे हातातलं काम थांबवून लक्ष वेधणारी घंटी. माझ्या वाट्याला आलेला भाग एवढाच होता, हा शेवटचा इंटरप्ट.

सुरुवात मी आयएनटीएक्स या पीसीआयच्या जुन्या इंटरप्ट लाइनने केली. ही लेव्हल-ट्रिगर्ड असते: आपण लाइन वर उचलायची आणि गेस्टने दखल घेईपर्यंत वरच धरून ठेवायची. कोड वीस-पंचवीस ओळींचा झाला, लिनक्स बूट झाला, मी खूश. मग पर्फ केव्हीएम स्टॅट लावून गेस्ट किती वेळा थांबून होस्टकडे बाहेर येतो (याला एक्झिट म्हणतात) ते पाहिलं आणि चहा गार झाला. दर इंटरप्टमागे किती खेटे पडत होते! माझा थ्रेड आयओसीटीएल (कर्नलला केलेली विनंती) करून लाइन उचलणार. गेस्टचा सीपीयू चालू असेल तर त्याला थांबवून इंटरप्ट आत घुसवावा लागणार. गेस्टचा ड्रायव्हर 'तूच वाजवलंस का?' हे पाहायला डिव्हाइसचं आयएसआर नावाचं स्थिती-रजिस्टर वाचणार, तेव्हा पुन्हा बाहेर, आणि तेही कर्नलपर्यंत नाही तर थेट आमच्या प्रोसेसपर्यंत. ते वाचलं की आम्ही लाइन खाली आणणार, आणखी एक आयओसीटीएल. शेवटी गेस्ट एपीआयसीला (सीपीयूचा इंटरप्ट सांभाळणारा भाग) 'संपलं' म्हणणार, पुन्हा बाहेर. चार किलोबाइट लिहिल्याची पोच द्यायला एवढी यातायात. लाइन दोन डिव्हाइसमध्ये वाटलेली असली तर शेजाऱ्याच्या घंटीलाही आपण उठून दार उघडायचं, ते वेगळंच.

उपाय नवा नव्हता. एमएसआय-एक्स या पीसीआयच्या नव्या पद्धतीत लाइनच नसते. डिव्हाइस एका ठरलेल्या पत्त्यावर ठरलेला आकडा लिहितं, तोच इंटरप्ट. एका पीसीआय फंक्शनला (डिव्हाइसला) २०४८ व्हेक्टरपर्यंत, म्हणजे वेगवेगळ्या घंट्या, मिळतात, त्यामुळे प्रत्येक रिंगेला स्वतःचा देता येतो आणि 'कोणी वाजवलं' हा प्रश्न उरत नाही, आयएसआर वाचण्याचा खेटाही वाचतो. त्याला केव्हीएमची आयआरक्यूएफडी ही सोय जोडली: इव्हेंटएफडी नावाच्या, कर्नलला खूण करायच्या फाइलमध्ये आकडा लिहायचा, पुढचं कर्नल परस्पर बघतं. आयओसीटीएलचा फेरा गेला.

इथे डिझाइनची एक चूक मी दोनदा केली, म्हणून जरा सविस्तर सांगते. डिस्कचा थ्रेड सुरू करताना मी त्याच्या हातात इव्हेंटएफडी देऊन टाकला होता. पण गेस्ट सुरुवातीपासून एकाच पद्धतीने बोलत नाही. फर्मवेअरचा काळ वेगळा, कर्नल उठल्यावर तो एमएसआय-एक्स चालू करतो, ड्रायव्हर काढून पुन्हा घातला तर सगळं परत बदलतं. मग मी एक ट्रेट (रस्टमधला इंटरफेस) लिहिला: डिव्हाइसने फक्त 'या रिंगेसाठी कळव' एवढंच म्हणायचं, ते लाइनने जातं की संदेशाने हे त्याला ठाऊकच नसावं. लाइनवाल्या बाजूने आयआरक्यूएफडी वापरताना सोबत रीसँपलचा दुसरा इव्हेंटएफडी लागतो, म्हणजे गेस्टने 'संपलं' म्हटलं की कारण अजून शिल्लक आहे का ते पुन्हा तपासता येतं. हे सगळं ट्रेटच्या आत गाडून टाकलं.

दुसरी चूक मास्किंगची, म्हणजे इंटरप्ट तात्पुरता झाकण्याची. गेस्टमध्ये आयआरक्यूबॅलन्स (इंटरप्ट सीपीयूंमध्ये वाटणारा प्रोग्राम) चालू होतं आणि अधूनमधून नेटवर्क मुकं व्हायचं. कारण असं: इंटरप्ट एका सीपीयूवरून दुसऱ्यावर हलवताना कर्नल तो व्हेक्टर झाकतो, पत्ता आणि आकडा बदलतो, मग उघडतो. मी तो बदल टेबलात नीट लिहून घेत होते, पण केव्हीएमला नवा रस्ता सांगतच नव्हते, त्यामुळे संदेश जुन्याच पत्त्यावर जात होते. राउटिंगचा आयओसीटीएल संपूर्ण तक्ता बदलतो, एकच ओळ नाही, म्हणून सगळ्या डिव्हाइसचा तक्ता एका जागी ठेवावा लागला. आणि व्हेक्टर झाकलेला असताना आलेला इंटरप्ट टाकून द्यायचा नसतो. पेंडिंग बिट लावून ठेवायचा आणि उघडल्याबरोबर पाठवायचा. स्पेसिफिकेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते नंतर वाचलं.

एवढ्यावर एक्झिट बरेच उतरले. एका टेस्ट सर्व्हरवर तर आकडा इतका पडला की मला मोजण्यातच चूक वाटली. तिथे केव्हीएमचा एनेबल-एपीआयसीव्ही पॅरामीटर (इंटरप्टसाठी हार्डवेअरची मदत आहे का ते सांगणारा) 'वाय' दाखवत होता, माझ्या लॅपटॉपवर 'एन'. त्यातले पोस्टेड इंटरप्ट असले की चालू गेस्टला न थांबवता हार्डवेअरच इंटरप्ट आत पोचवतं, आणि एज पद्धतीच्या (लाइन धरून न ठेवता एकदाच येणाऱ्या, एमएसआय-एक्ससारख्या) इंटरप्टला 'संपलं' म्हणायलाही बाहेर यावं लागत नाही. लॅपटॉपवरचे आकडे घेऊन डिझाइनचे निर्णय घेत होते, हे तेव्हा लक्षात आलं.

तरीही इंटरप्टची संख्या तेवढीच होती. गेस्टमध्ये प्रॉकखालची इंटरप्टची फाइल बघितली की डिस्कच्या ओळीतला आकडा मीटरसारखा पळायचा. म्हणून मला एक हुशारी सुचली: लगेच वाजवायचंच नाही, थोडे मायक्रोसेकंद थांबायचं, चार पोचा जमल्या की एकदाच. खोल रांगेच्या चाचणीत आकडे झकास आले. एकावेळी एकच मागणी टाकणाऱ्या चाचणीत मात्र वाट लागली, कारण तिथे मागून कोणी येणारच नसतं, टायमर नुसता गेस्टला ताटकळत ठेवतो. डेटाबेसचा लॉग लिहिणं नेमकं तसंच असतं. दोन दिवसांचा तो कोड मी एका फटक्यात काढला. फार दुःख झालं नाही.

खरा मार्ग व्हर्टआयओमध्येच आहे, इव्हेंट इंडेक्स नावाने, फीचर बिट २९. गेस्ट रिंगेत एक आकडा लिहून ठेवतो: 'यूज्ड इंडेक्स इथून पुढे सरकला तर मला हाक मार, एरवी नको.' गेस्ट आधीच रिंग उपसत असेल तर तो आकडा मागेच राहतो आणि आपण गप्प बसायचं. वाजवायचं की नाही हे टायमर ठरवत नाही, समोरच्याची स्थिती ठरवते. हिशेब १६ बिटांचा, ६५५३५ नंतर शून्य, त्यामुळे साधी तुलना चालत नाही, वजाबाकी गुंडाळून करावी लागते. मी अर्थातच आधी साधी वजाबाकी लिहिली, रस्टच्या डीबग बिल्डने ओव्हरफ्लो म्हणून तोंडावर पॅनिक फेकला, पाच मिनिटांत दुरुस्त. सगळे बग असे बोलके असते तर!

इंटरप्ट आता कितीतरी कमी झाले होते. मी रात्री एफआयओ (डिस्कवर ताण देणारं चाचणीचं साधन) लावून झोपले. सकाळी गेस्टच्या कन्सोलवर ओळ होती: टास्क १२० सेकंदांहून जास्त वेळ अडकलेलं. पॅनिक नाही, एरर नाही, सीपीयू निवांत. यूज्ड रिंगेत पोच लिहिलेली दिसत होती. गेस्टने ती पाहिलीच नव्हती. पुन्हा चालवलं तर कधी दोन तासांनी अडकायचं, कधी सात. लॉगिंग वाढवलं की अडकायचंच नाही.

तो रविवार होता आणि मामाच्या मिसळीच्या हॉटेलात मला जावंच लागलं, कारण एक पोऱ्या सुट्टीवर होता आणि रविवारी सकाळी नाशिककराला मिसळ हवीच. मी गल्ल्यावर. समोर किचनची खिडकी. आतून ताटं खिडकीत यायची, घंटी वाजायची, वेटर यायचा. पण वेटर खिडकीपाशीच उभा असला तर आतला आचारी घंटी वाजवायचा नाही, नुसतं ताट सरकवायचा. मी नुसतीच बघत होते. तेवढ्यात सात नंबरच्या टेबलावरून आवाज आला, "अहो, रस्सा गार झालाय!" ताट खिडकीत पडून होतं, घंटी वाजलीच नव्हती.

मामा आतल्याला म्हणाला, "अरे, हा उभा होता म्हणून तू वाजवली नाहीस ना?"

"हो मालक, मी बघितलं तर उभाच होता."

"ताट ठेवून बघितलंस, का ठेवायच्या आधी?"

आचारी गप्प. मामा वेटरकडे वळला, "आणि तू निघताना वळून खिडकीत बघायचं असतं, हे कितीदा सांगू?"

"बघितलं होतं मी. खिडकी रिकामीच होती."

"अगं, तुला काय झालं?" मामाने मलाच विचारलं, कारण मी गल्ला सोडून उभी राहिले होते.

वेटर खरं बोलत होता. निघतो म्हणाला, वळून पाहिलं, खिडकी रिकामी. आचाऱ्याने ताट हातात असतानाच डोकावून बघितलं, तेव्हा वेटर अजून उभा दिसला, मग ताट ठेवलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं होतं आणि तरी ताट गार झालं. आधी ठेव, मग बघ: हा क्रम दोघांनीही पाळला तरच कोणाला तरी दुसरा दिसतो. लिनक्सचा ड्रायव्हर आपल्या बाजूने तो पाळतो. आधी आकडा लिहितो, मेमरी बॅरियर (आधीचं लिखाण पोचेपर्यंत पुढचं वाचन अडवणारं कुंपण) घालतो, मग रिंग पुन्हा तपासतो. माझ्या कोडमध्येही क्रम बरोबर लिहिलेला होता, आधी यूज्ड इंडेक्स लिही, मग गेस्टचा आकडा वाच. पण एक्स८६ प्रोसेसर नंतरचं वाचन आधीच्या लिखाणाच्या पुढे नेऊ शकतो, पत्ते वेगळे असले की. लिखाण स्टोअर बफरमध्ये रेंगाळतं, वाचन होऊन जातं. मी रिलीज आणि अक्वायर (मेमरीचा क्रम राखणारे हलके नियम) लावून निर्धास्त होते आणि नेमकी हीच अदलाबदल ते दोघे अडवत नाहीत. तिथे पूर्ण कुंपण लागतं, सीक्वेन्शियल कन्सिस्टन्सीचं.

इव्हेंट इंडेक्समध्ये ही चूक भरूनही निघत नाही. ती वेळ हुकली की गेस्टचा आकडा आपल्या हिशेबात मागे पडतो, मग पुढच्या पोचांनाही घंटी वाजत नाही. गेस्ट झोपलेला, आम्ही गप्प. आणि लॉगिंग वाढवलं की बग का पळायचा तेही उमगलं: लॉगच्या ओळीमुळे मध्ये इतका वेळ जायचा की लिखाण तोवर पोचलेलं असायचं.

दुपारी घरी येऊन एक ओळ घातली. मग कुंपण असलेली आणि नसलेली, अशी दोन्ही बिल्ड शेजारी शेजारी लावली, एकेक मागणीच्या चाचणीवर. नसलेली मध्यरात्रीच्या सुमारास अडकली. असलेली गुरुवारपर्यंत चालत होती, मग मीच बंद केली, कारण लॅपटॉप घेऊन पुण्याला जायचं होतं.

रिव्ह्यूमध्ये टीममधल्या एकाने विचारलंच, ही ओळ काढली तर थोडा वेग वाढेल का. वाढेल, किंचित. त्या ओळीवर आता मराठीत कॉमेंट आहे: 'ही काढायची असेल तर आधी रविवारी सकाळी नाशिकला मिसळ खायला या.'