वागळे इस्टेटमधली आमची वाटचाल : एका कॅश सर्व्हरभोवती

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखान्यांचे संगणक सांभाळत आमची फर्म वाढली. गाळ्यात इंटरनेटची लाइन एकच, त्यावर उबुंटूची (लिनक्सचा एक प्रकार) दहा-बारा मशीन. प्रत्येकाने तेच अपडेट पुन्हा उतरवायचं म्हणजे लाइन दिवसभर अडलेली. म्हणून आम्ही एपीटी-कॅशर-एनजी बसवू लागलो. हा कॅश सर्व्हर. एपीटीने (उबुंटूचं पॅकेज उतरवणारं साधन) एकदा मागवलेलं पॅकेज तो साठवतो आणि बाकीच्या मशीनना तेच देतो. तो 3142 पोर्टवर चालतो आणि प्रत्येक मशीनवर प्रॉक्सीची (मधल्या सर्व्हरच्या पत्त्याची) एक ओळ पुरते. बसवणं सोपं आहे. खरं काम पुढची देखभाल.

अपडेट अडलं की आम्ही आधी त्याच मशीनवरून कर्लने (फाइल उतरवणारी कमांड) रिपॉझिटरीची (पॅकेजांचं ऑनलाइन भांडार) इनरिलीज फाइल (तिथली सही केलेली सूची) मागवतो, एकदा प्रॉक्सीतून आणि एकदा थेट. थेट येते पण प्रॉक्सीतून येत नाही, तर दोष आपल्या हद्दीत. मग 'एपीटी-कॉन्फिग डम्प' (एपीटीची सेटिंग दाखवणारी कमांड) मधल्या प्रॉक्सीच्या ओळी बघायच्या. राउटर बदलल्यावर सर्व्हरचा आयपी बदलतो आणि क्लायंट मशीन जुन्याच पत्त्यावर धडका मारत राहतात. त्यासाठी राउटरवर आयपी राखून ठेवणं आम्ही सक्तीचं केलं आहे.

'403 कनेक्ट डिनाइड' दिसलं तर ती रिपॉझिटरी एचटीटीपीएसवर आहे आणि कॅशरने बोगदा (आरपार एनक्रिप्टेड जोडणी) नाकारलाय. कॅशरच्या पासथ्रू पॅटर्नमध्ये (न साठवता जाऊ द्यायच्या पत्त्यांची सेटिंग) 443 पोर्टला परवानगी द्यावी. तो माल कॅश मात्र होत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. उबुंटूची मुख्य रिपॉझिटरी साध्या एचटीटीपीवर ठेवायला आमची हरकत नसते, कारण एपीटी सही तपासूनच पॅकेज घेतं.

'हॅश सम मिसमॅच' (उतरलेली फाइल सूचीतल्या नोंदीशी जुळत नाही) आला की अख्खी कॅश पुसायचा मोह होतो. तसं करू नये. कित्येक जीबी पुन्हा उतरवावे लागतात. थेट मागवूनही तीच चूक आली तर मिररचं (रिपॉझिटरीची प्रत ठेवणारा सर्व्हर) सिंक चालू असतं, थोडं थांबावं. नाहीतर कॅशमधल्या त्या रिलीजच्या फक्त इंडेक्स फाइल काढाव्यात, क्लायंटवरच्या एपीटीच्या याद्या पुसाव्यात आणि अपडेट पुन्हा चालवावं. डेब फाइलना (प्रत्यक्ष पॅकेजं) हात लावायची गरज सहसा नसते.

'रिलीज फाइल अजून वैध नाही' असं म्हणणाऱ्या मशीनवर प्रॉक्सी तपासण्याआधी घड्याळ पाहावं. जुन्या मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल संपला की तारीख मागे जाते.

काही ठिकाणी आधीपासून स्क्विड (सर्वसाधारण कॅश करणारा प्रॉक्सी) असतो. तो मूळ सेटिंगवर डिस्कवर काहीच साठवत नाही, आणि मोठ्या फाइलची मर्यादा 4 एमबी असते. कॅश डिर (डिस्कवर साठवायची सेटिंग) सुरू करून ही मर्यादा 1 जीबीपर्यंत वाढवली, तरच कर्नल आणि फर्मवेअरची पॅकेजं त्यात राहतात.