नफ्स म्हणजे आत्मा नव्हे, जीव

पुण्याचे पाहुणे आले की त्यांना इथे ग्वाल्हेरच्या हजीऱ्याला नेतेच मी. तानसेनच्या कबरीपाशी चिंचेचा पाला चघळून होतो, मग शेजारी सूफी संत मोहम्मद गौसांचा मकबरा, आत जाळीचं ऊन फरशीवर सांडलेलं, आणि तिथेच कोणीतरी हमखास विचारतं, मुसलमानांत आत्म्याला नफ्स म्हणतात ना? तुम्हीही विचारलंत म्हणून नीट लिहिते.

आत्मा हा शब्द मला पटत नाही. कुराणात म्हटलंय की प्रत्येक नफ्स मृत्यूची चव घेणार. इथे आत्मा घालून वाचा, लगेच अडखळाल, कारण आत्मा मरत नाही हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. जीव घाला, सरळ लागतं. अरबीत नफ्स म्हणजे स्वतः सुद्धा, आणि श्वास म्हणजे नफस, धातू एकच. आपला जीवही तसाच की, जीव जातो, जीव लावतो, जीव टाकतो, सगळं त्यातच.

आणि हा जीव एकाच जागी बसत नाही. कुराणातल्या युसुफच्या गोष्टीत येतो तो अम्मारा, वाईटाकडे ढकलणारा. मग लव्वामा, स्वतःलाच बोल लावणारा. परवा मी सासूबाईंना फटकन बोलले आणि रात्री कणीक मळताना तेच शब्द टोचत राहिले, हात परातीत तसेच थांबले, तर ते टोचणारं जे आहे ना, ते लव्वामा. आणि शेवटी मुतमइन्ना, शांत झालेला, त्याला तर देव स्वतः हाक मारतो, परत ये म्हणून. इस्लामी विचारवंत गझाली, 1111 साली गेले ते, सांगतात की नफ्स एका अर्थी राग आणि वासना, दुसऱ्या अर्थी खुद्द माणूस. मला तर यातलं लव्वामाच सगळ्यात जवळचं वाटतं.

रूह, जिला आत्मा म्हणता येईल, ती वेगळी. तिच्याबद्दल कुराण पैगंबरांना एवढंच सांगायला लावतं की ती माझ्या रबच्या, म्हणजे देवाच्या, हुकमातली गोष्ट, तुम्हाला ज्ञान थोडंच दिलंय. बास.

गौसांनी तर योगावरचं अमृतकुंड हे पुस्तक फारसीत आणलं, बहर-उल-हयात नावाने, त्यात श्वासाचा अभ्यास आहे, म्हणून तिथे उभं राहून हे बोलायला मला फार बरं वाटतं.

अजून एक, झोपेतही अल्लाह नफ्स काढून घेतो आणि ज्याची वेळ आली नसेल त्याचा परत पाठवतो, असंही कुराणातच आहे. आमच्या शेजारच्या आपा पहाटे उठल्या उठल्या दुआ म्हणतात, मारून पुन्हा जिवंत केलंस म्हणून शुक्र. भिंत पातळ आहे, नळ यायच्या आधी ऐकू येते मला.