दाबून फिरवायचं झाकण कुठे फसतं

औषधाच्या बाटलीच्या या झाकणाला ‘चाइल्डप्रूफ’, म्हणजे मुलांना मुळीच न उघडणारं, म्हणू नका. अमेरिकेत १९७०च्या पॉयझन प्रिव्हेन्शन पॅकेजिंग ॲक्टची (विषबाधा टाळणाऱ्या वेष्टनांच्या कायद्याची) अपेक्षा एवढीच आहे की पाच वर्षांखालच्या मुलाला ते उघडणं बरंच अवघड जावं आणि मोठ्या माणसाला जाऊ नये.

चाचणीत ४२ ते ५१ महिन्यांची मुलं जोडीने बसवतात. ५ मिनिटं त्यांची त्यांना झटू देतात. मग एकदा उघडून दाखवतात, ‘दात लावलेत तरी चालेल’ असं सांगतात आणि आणखी ५ मिनिटं देतात. दाखवण्याआधी ८५ टक्के आणि एकूण ८० टक्के मुलांना उघडता आलं नाही, की झाकण पास. म्हणजे शंभरातल्या वीस मुलांनी दहा मिनिटांत बाटली उघडली तरी ती कायदेशीरच! म्हणून बाटली उंचावर, कुलपातच हवी.

आतली रचना साधी आहे. एकात एक दोन टोप्या असतात. उघडताना नुसतं फिरवलं तर बाहेरची टोपी आतल्या टोपीच्या उतरत्या दात्यांवरून कटकट करत घसरते. दाबली की दोन्हींचे दाते अडकतात आणि आतली फिरते. सरबतासारखं औषध आट्यांवर वाळलं की झाकण अर्धवटच बसतं आणि घट्ट लागल्यासारखं वाटतं. दर वेळी बाटलीची मान ओल्या फडक्याने पुसा. लावून झाल्यावर न दाबता उलटं फिरवून बघा: कटकट झाली पाहिजे, झाकण वर येता कामा नये.

झाकण फार कडक झालं की वयस्कर माणसं ते उघडंच ठेवतात. म्हणून १९९५मध्ये नियम बदलला. मोठ्यांची चाचणी आधी १८ ते ४५ वयाच्या लोकांवर होई, ती आता ५० ते ७० वयाच्या १०० जणांवर होते आणि त्यातल्या ९० टक्के लोकांना झाकण उघडून पुन्हा नीट लावता यावं लागतं. हा बदल मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. पण भारतातून आलेल्या आजी-आजोबांच्या पर्समधली, प्रत्येक वाराचा वेगळा कप्पा असलेली गोळ्यांची डबी या सगळ्या नियमांच्या बाहेरच राहते. ती पर्स खुर्चीला अडकवू देऊ नका.

पातळ तेलांचा धोका वेगळा का, हेही समजून घ्या. फर्निचर पॉलिश, दिव्याचं तेल यांत विषापेक्षा पातळपणा घातक: घोट श्वासनलिकेत उतरतो आणि फुप्फुसं सुजतात. उलटी करवली तर तेच पुन्हा घडतं, म्हणून करवू नका. अमेरिकेत लगेच विषबाधा मदत केंद्राच्या १-८००-२२२-१२२२ला फोन लावा. श्वास लागला असेल तर थेट ९११.