हाताचा की विजेचा? घरासाठी कॉफी ग्राइंडर घेताना

मोका पॉट (गॅसवर वाफेच्या दाबाने काळी कॉफी काढणारं भांडं) घरात आल्यापासून दुकानातून दळून आणलेल्या कॉफीवर माझं भागेना. पाकीट फोडलं की सुरुवातीला घमघमाट, आणि नंतर नुसता कडवटपणा. त्यामुळे चिकमगळूरच्या सबंध बिया आणून घरीच दळायच्या असं ठरवलं.

मिक्सर होताच. चटणीच्या भांड्यात बिया फिरवून चहाच्या गाळणीतून चाळल्या, तर खाली बोटाला चिकटणारी भुकटी आणि वर चांगले दाताखाली येतील असे तुकडे. पातं बिया फोडतं, दळत नाही. भुकटीतलं सगळं लगेच उतरतं, जाड तुकड्यांतलं बरंचसं आतच राहतं, मग एकाच कपात कडूही लागतं आणि आंबटही. शिवाय त्या भांड्याचा वेलची-जायफळाचा वास काही केल्या जात नाही. आपल्या दुधाच्या कॉफीत जायफळ हवंच, पण मोकाच्या काळ्या कॉफीत नको.

म्हणजे बर ग्राइंडर हवा. हे छोटं जातंच समजा: दोन दातेरी भागांमध्ये, म्हणजे बरांमध्ये, जेवढी फट, तेवढा कण. विजेवरचे चांगले ग्राइंडर पाहिले. बराट्झा एन्कोरला जाड-बारीक करायचे 40 टप्पे आहेत, पण किंमत ऐकून गप्प बसले. स्वस्तातल्या विजेच्या यंत्रात पैसे मोटारीवरच खर्ची पडतात. तेवढ्याच पैशांत हाताच्या ग्राइंडरमध्ये बर चांगले मिळतात. मला दिवसाला दोन कप पुरतात, तेव्हा हाताचाच.

इथे खरी पारख दांड्याची, म्हणजे ज्यावर आतला बर फिरतो त्या मधल्या दांड्याची. एका दुकानात सिरॅमिक बरचा स्वस्त ग्राइंडर उघडून दांडा बोटाने हलवला, तर तो डुगडुगला. दांडा हलला की फट कमीजास्त होते, आणि जाड दळताना ते जास्तच जाणवतं. शेवटी टाइममोर सी2 घेतला. त्यात 38 मिलिमीटरचे स्टीलचे बर आहेत आणि दांडा दोन बेअरिंगांनी धरलेला आहे. मोकाच्या तीन कपी भांड्याला पंधरा-सोळा ग्रॅम लागते, ती मिनिटभरात दळून होते. गडद भाजलेल्या बिया सहज फिरतात; हलक्या भाजलेल्या मात्र दंड दुखवतात.

खालची चकती घट्ट आवळून शून्य धरायचं आणि तिथून ती उलट फिरवत टिक-टिक अशा टिचक्या मोजायच्या; जास्त टिचक्या म्हणजे जाड दळण. मोकासाठी मी चौदाच्या आसपास ठेवते, फ्रेंच प्रेसला (दट्ट्याने कॉफी गाळायच्या भांड्याला) पंचवीसपर्यंत जाते. कॉफी कडू झाली तर एखादी टिचकी जाड, पाणचट झाली तर एखादी बारीक. उन्हाळ्यात कोरड्या हवेत भुकटी डब्याला चिकटून बसते. त्यावर सोपा उपाय: चमच्याचा दांडा पाण्यात बुडवून आधी बियांमधून फिरवायचा. बर मात्र धुवायचे नाहीत, ब्रशने झाडायचे.

सासूबाईंची फिल्टर कॉफी अजून दुकानातूनच येते. त्यांना तीस टक्के चिकोरी लागते, आणि ती मिसळायचं काम दुकानदारच नीट करतो. घरात फक्त अशीच कॉफी होत असेल तर ग्राइंडरवर पैसे घालवू नका.

पाहुणे आले की मात्र पंचाईत. एका वेळी वीस-पंचवीस ग्रॅमच मावते, म्हणून चौघांच्या वर माणसं असली की मी आधीच विचारते, "चहा टाकू ना?"