भोपळा द्या, पण आधी स्वतः चाखा

कुत्र्या-मांजरांना भोपळा चालतो का, याचं उत्तर 'हो' आहे. पण कापल्या कापल्या कच्च्या गराचा एक कण आधी स्वतःच्या जिभेवर ठेवा. कडू लागला तर थुंका, चूळ भरा आणि अख्खा भोपळा टाकून द्या. तो कडवटपणा कुकुर्बिटासिन या विषारी कडू द्रव्याचा असतो. त्याने उलट्या-जुलाब होतात आणि शिजवूनही तो जात नाही. झुकिनीचंही तेच. शोभेचे भोपळे तर द्यायचेच नाहीत.

चव ठीक असेल तर साल, देठ, बिया आणि मधला धाग्यांचा गुंता काढा. साल चिवट असते, पचत नाही, लहान कुत्र्याच्या आतड्यात अडकू शकते. फोडी बोटाने दाबल्यावर सहज चुरडतील इतक्या मऊ वाफवा. मीठ, तेल, साखर काहीही नको. आणि कृपा करून आपल्या भाजीतल्या फोडी धुऊन देऊ नका. कांदा-लसणाचा अंश गरात मुरलेला असतो, तो तांबड्या रक्तपेशी फोडतो. मांजरांना तर थोडासाही बाधतो. डब्यातला गर घेतलात तर घटकांत फक्त भोपळा हवा. 'पम्पकिन पाय' या गोड पदार्थासाठीच्या तयार मिश्रणात साखर आणि जायफळ असतं. कुठल्याही गोड पदार्थात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड घटक) असेल तर ते कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

किती द्यायचा? 100 ग्रॅम उकडलेल्या भोपळ्यात जेमतेम 20 कॅलरी असतात, त्यामुळे वजन वाढण्याची भीती नाही. प्रमाण ठरतं ते तंतूंवरून. मांजराला किंवा छोट्या कुत्र्याला एक छोटा चमचा, 10 किलोच्या कुत्र्याला एक मोठा, 30 किलोच्याला दोन-तीन मोठे चमचे. पहिले तीन दिवस याच्या पाव हिश्श्यानेच सुरुवात करा. शी सैल झाली की प्रमाण जास्त झालं समजा.

मांजराला भोपळ्यातल्या बीटा-कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व बनवता येत नाही, म्हणून मांसाहाराऐवजी भोपळा हे गणित तिथे चुकतंच. बद्धकोष्ठतेवर देत असाल तर सोबत पाणी पोटात जायला हवं. कोरड्या पोटात तंतू गेले तर शी आणखी घट्ट होते. बोका वाळूत पुन्हा पुन्हा जोर करतोय आणि लघवीचा थेंबही येत नाही, तर ती बद्धकोष्ठता नसून मूत्रमार्ग अडल्याची खूण असू शकते. तेव्हा भोपळ्यात वेळ न घालवता त्याच क्षणी डॉक्टर गाठा. मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

उरलेला गर फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतो. जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये चमचा-चमचा गोठवा आणि देताना पूर्ण वितळवून घ्या.